मदत हवी आहे: वर्गात तीन माध्यमांची मुलं, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून घ्यायचा कसा?

सीमेवरची_बाई
घाईत लिहितेय. फायनल इयरचे रिपोर्ट पंधरा दिवसांत जमा करायचेत. ४२ मुलं. निम्मी मराठी माध्यमातली, बाकी कन्नड, सात-आठ उर्दू. बोलायला सांगितलं की तासभर बोलतात, लिहायला सांगितलं की नेटवरनं उचलून आणतात. परवा एकीनं विडी कामगार बायकांवरचा रिपोर्ट दाखवला. तिची आजी लग्न होऊन आल्यापासून विड्या वळते. रिपोर्टचं पहिलं वाक्य काय, तर 'टोबॅको इज अ प्लांट'. अठरा पानांत आजी कुठेच नाही! मी ओरडले, पोर रडली, मला रात्रभर झोप नाही. व्याकरण घेऊन झालं, नमुने देऊन झाले. काय करू, लवकर सांगा.

घटप्रभा_काठ
मॅडम, रिपोर्ट कुठल्या भाषेत लिहायचाय? आणि विषय?

नियमावली
उचलेगिरीबद्दल यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं. सॉफ्टवेअरमधून काढून बघा.

सीमेवरची_बाई
इंग्रजीत, आणखी कशात? बीए, समाजशास्त्र, सहावं सेमिस्टर. निपाणी भाग. साम्य किती ते मी विचारलं नाही, आणि ते नियम प्रबंधांचे आहेत. लिहायचं कसं शिकवू ते सांगा.

पेन्शनर_मास्तर
एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, संकेश्वर भागात. आधी मराठीत लिहून मग भाषांतर, असं अजिबात करू देऊ नका. वाक्य मराठी घाटाचंच येतं. रोज पाच वाक्यं थेट इंग्रजीत, तुमच्यासमोर बसून. पंधरा दिवसांत पंचाहत्तर वाक्यं होतात.

खानापूरची
सर, तुमचा अनुभव मोठा आहे खरं मला हे पटत नाही. मी मराठी शाळेतली. एमएला थेट इंग्रजीत लिहायला बसले की जेवढी वाक्यं येत होती तेवढाच विचार कागदावर यायचा. शेवटी मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं, ते जसंच्या तसं उतरवलं, मग त्यातनं इंग्रजी केलं. त्या पोरीला आजीजवळ बसवा. आजी बोलेल, ती रेकॉर्ड करेल. कन्नडवाल्यांनी कन्नडमध्ये करावं, उर्दूवाल्यांनी उर्दूत.

पेन्शनर_मास्तर
आणि ते कन्नड, उर्दू तपासणार कोण? बाई एकट्या आहेत.

खानापूरची
कच्चं लिखाण तपासायचंच नाही, सर. ते मुलाचं स्वतःचं.

हक्काची_भाषा
मुळात निपाणीच्या मुलांवर ही वेळ का? १९५६ ला राज्यांची फेररचना करून हा मराठी भाग तिकडं घातला, तेव्हा आपल्याला विचारलं कुणी? सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानंसुद्धा निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं. मुलांना मराठीत रिपोर्ट लिहायचा हक्क हवा, आधी त्यासाठी निवेदन द्या.

घटप्रभा_काठ
दादा, निवेदनाचं उत्तर पंधरा दिवसांत येत नाही. आणि वर्गातली निम्मी मुलं मराठी माध्यमाची नाहीत, त्यांचं काय?
मॅडम, गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ मध्ये सांगलीजवळच्या कुपवाडवर लिहिलं होतं. तिथल्या घराघरांतली मराठी, कन्नड, उर्दू एकमेकींच्या इतकी जवळ आली होती की वाक्यातला शब्दन् शब्द समोरासमोर ठेवता येत होता. तुमच्या मुलांचंही तसंच असणार, म्हणजे तीन वेगळे धडे नकोत. मराठीत आपण 'येतो म्हणून सांगितला' म्हणतो, कन्नडमध्ये 'बर्तीनि अंत हेळिदा'. दोन्हीकडे बोलणाऱ्याचा 'मी' तसाच राहतो. त्यामुळे मुलं इंग्रजीत लिहितात, 'द वर्कर सेड दॅट आय गेट लेस मनी'. आता पैसे कमी कुणाला मिळतात, कामगाराला की लिहिणाऱ्याला? एवढी एक चूक फळ्यावर घ्या, ४२ जणांची एकदम सुटेल.
दुसरं, 'म्हणे'. 'यंदा मजुरी वाढली' आणि 'यंदा मजुरी वाढली म्हणे' यातला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. कन्नडमध्ये तेच काम 'अंते' करतं. उर्दूवाली मुलं 'कहते हैं' म्हणतील. संदर्भ द्यायचा म्हणजे त्या 'म्हणे'ला नाव-गाव द्यायचं. कोण म्हणे? कधी म्हणे? प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलनं मुलांनाच लिहू दे: मी बघितलं, मला सांगितलं, की कुठंतरी वाचलं.

पेन्शनर_मास्तर
'म्हणे'चं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. हे करून बघा बाई. रोजची पाच वाक्यं मात्र सोडू नका.

नियमावली
मार्जिन डावीकडे दीड इंच ठेवा, बाइंडिंगमध्ये अक्षरं जातात.

सीमेवरची_बाई
चार दिवसांनी लिहितेय. 'कोण म्हणे' वर्गात घेतलं. पेन्सिलनं लिहायला लावलं तर पहिल्या तीन पानांत प्रत्येक वाक्याखाली 'वाचलं', 'वाचलं', 'वाचलं'. मुलांनी आपणहून ती पानं काढली. कन्नडवाली दोन मुलं अजून अडकलीत, त्यांच्यासोबत रोज जेवणाच्या सुट्टीत बसते. त्या पोरीनं आजीला रेकॉर्ड केलं. आजी म्हणाली, 'पानं रात्रीच भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायची, नाहीतर सकाळी कातरताना फाटतात. फाटलेलं पान माझ्या हिशेबात, आणि तपासताना बाजूला काढलेली विडीबी माझ्याच हिशेबात.' मी आणि ती दोन तास त्यावर बसलो. इंग्रजीत सात ओळी झाल्या, 'आय'चा 'शी' तिनं स्वतः केला. रिपोर्ट आता तिथून सुरू होतो.
एक विचारायचं राहिलं. आजीचं नाव घालायचं का? पोरीला घालायचंय, फोटोसकट.

खानापूरची
नका घालू ताई. आजी अजून तिथंच काम करते ना? हिशेबाचं वाक्य आहे ते, उद्या तिलाच बोलणी बसतील. 'विडी कामगार, निपाणी भाग' आणि कितव्या तारखेला बोलली ते, एवढं पुरे. आणि छापायच्या आधी त्या सात ओळी आजीला तिच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. ती नको म्हणाली तर काढा.

सीमेवरची_बाई
वाचून दाखवायचं सुचलंच नव्हतं. आज संध्याकाळीच पाठवते पोरीला.