भुईआवळी, वुडचक आणि टेनोफोविर

वर एकांनी लिहिलंय की भुईआवळीने हिपॅटायटिस बी जातो, प्राण्यांवर सिद्ध झालंय. त्यावरून डिचोलीच्या ताईंनी वडिलांची टेनोफोविर (यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बी चा विषाणू दाबून ठेवणारी गोळी) थांबवू का, असं विचारलंय. म्हणून लिहितो.

प्रयोग खरा आहे, १९८७चा. या विषाणूच्या शोधासाठी नोबेल मिळालेले ब्लुमबर्ग त्यात होते. साध्या उंदराला हा विषाणू लागत नाही, म्हणून वुडचक घेतात. हा खारीच्या कुळातला अमेरिकी प्राणी, त्याला याच घराण्यातला विषाणू होतो. पण तिथे भुईआवळीचा अर्क सुईने पोटात टोचला होता. आपण पावसात अंगणात उगवणारी, पानांखाली बारीक फळं धरणारी भुईआवळी उपटतो आणि वाटून पितो. १९८८ मध्ये मद्रासच्या रुग्णांवर निकाल चांगला आला, नंतरच्या चाचण्यांत तो टिकला नाही.

उलटंही झालंय. फियालुरिडिन हे हिपॅटायटिस बी वरचं प्रायोगिक औषध प्राण्यांवर निर्धोक वाटलं. १९९३ मध्ये १५ रुग्णांना दिलं, त्यातले ५ दगावले. औषधाने पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी केंद्रं, निकामी केली होती. पुढे वुडचकना जास्त दिवस दिल्यावर तोच विषारी परिणाम तिथेही दिसला. मुदत अपुरी पडली की प्राणीही फसवतो.

गावठी औषधाने कावीळ उतरल्याचे अनुभव बहुतेक हिपॅटायटिस ए चे असतात, तो आपोआपच बरा होतो.

ताई, गोळी अचानक बंद केली तर विषाणू उसळतो, यकृत निकामीही होऊ शकतं. कृपया बांबोळीच्या सरकारी इस्पितळात (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका.