सरकारी पैशाने अरबी चित्रपट घडला की अडला?

धागा

इजिप्तमध्ये १९६० च्या दशकात चित्रपट-व्यवसायाचा मोठा भाग सरकारच्या ताब्यात गेला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी सरकारने निर्मितीतून अंग काढून घेतले. या प्रयोगातून तोट्याखेरीज काही निघाले नाही, असे सरसकट म्हटले जाते, ते मला मान्य नाही. शादी अब्देल सलाम यांचा ‘अल-मूमिया’ (१९६९) पाहावा. प्राचीन राजांच्या ममींजवळचा ऐवज विकून जगणाऱ्या जमातीची ही कथा प्रमाण अरबीत आहे, संथ आहे, त्यात नाचगाणी नाहीत. अशा संहितेवर कोणत्या खासगी निर्मात्याने पैसा लावला असता? पुढे ‘अखनातेन’साठी त्यांना पैसा उभारता आला नाही आणि १९८६ मध्ये ते निवर्तले, तेव्हा तो चित्रपट झालेला नव्हता.

प्रतिसाद

एका उत्तम चित्रपटावरून व्यवस्थेला प्रमाणपत्र देता येत नाही. कैरोतील स्टुडिओ मिस्र १९३५ मध्ये उभा राहिला तो तलात हर्ब यांच्या बँक मिस्रच्या बळावर, आणि युसूफ शाहीन यांचा ‘बाब अल-हदीद’ (१९५८) राष्ट्रीयीकरणाच्या आधीचा आहे. सरकारी अंमल आल्यावर मात्र याच शाहीन यांना काही काळ लेबनॉन गाठावे लागले. सिरियात तर ओमर अमिरलाय यांचा खेड्यातील दारिद्र्य दाखवणारा माहितीपट १९७४ मध्ये सरकारी चित्रपट संस्थेनेच काढला आणि सरकारनेच त्यावर बंदी घातली.

धागाकर्त्याचे उत्तर

बंदी अक्षम्य होती, याबद्दल वाद नाही. परंतु अरब जगात सरकार एकच नव्हते, हे आपण विसरता. १९६७ च्या युद्धात इस्रायलकडून झालेल्या पराभवामागील भ्रष्टाचारावर बोट ठेवणारा शाहीन यांचा ‘अल-उस्फूर’ (१९७२) इजिप्तने १९७४ पर्यंत अडवला. त्याच्या निर्मितीत अल्जेरियाच्या सरकारी संस्थेचा पैसा होता. इजिप्तच्या तौफिक सालेह यांनी घस्सान कनफानी यांच्या पॅलेस्टिनी निर्वासितांवरील कथेचा ‘अल-मख्दूऊन’ (१९७२) केला तो दमास्कसच्या सरकारी संस्थेसाठी. एका राजधानीत जे बोलता येत नव्हते, ते दुसरीच्या पैशाने बोलले गेले.

प्रतिसाद

शेजारच्या सरकारविषयी बोलण्याची मुभा प्रत्येक सरकार आनंदाने देते, म्हणूनच आपली दोन्ही उदाहरणे परमुलखातील पैशाची आहेत. अल्जेरियाच्या सरकारी पैशातून १९७५ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा चित्रपट निघाला, पण तोही फ्रेंच राजवटीविरुद्धच्या लढ्याचा होता. अमिरलाय स्वतःच्या देशातील, स्वतःच्या काळातील खेड्याविषयी बोलत होते, आणि त्यांचा चित्रपट सिरियाच्या प्रेक्षकांपर्यंत पोचवायला दुसरी कोणतीही राजधानी उपयोगी पडली नाही.