भेदभाव सिद्ध झाला, तरी पदरात काय पडते?

प्रश्न (कोल्हापूर):
माझे वडील एका निमसरकारी कार्यालयात नोकरीत असतानाच वारले. आईचा सांभाळ करणाऱ्या माझ्या बहिणीने अनुकंपा नियुक्तीसाठी अर्ज केला, तेव्हा ‘अर्जदार विवाहित मुलगी असल्याने अपात्र’ एवढ्या एका ओळीचे पत्र आले. त्याच नियमात विवाहित मुलगा मात्र कुटुंबीय धरला आहे. घटनेतील समानतेच्या अनुच्छेद १४, १५ व १६ खाली नियम रद्द झाला, तर बहिणीचे नाव यादीत येईल, की कार्यालय विवाहित मुलांनाही वगळून मोकळे होईल?

उत्तर १ (वकील, राजारामपुरी):
ताई, शंका रास्त आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळण्यासाठी अमेरिकेत अविवाहित आईला एका वर्षाच्या वास्तव्याची अट होती, तर बापाला कितीतरी अधिक वर्षांची. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरवला, पण सवलत बापांना न देता पुढील काळासाठी आयांचीच काढून घेतली. दाद मागणाऱ्याच्या हाती काहीच लागले नाही.

आपल्याकडे १९९९ च्या गीता हरिहरन प्रकरणात पालकत्वाच्या कायद्यातील ‘बाप, आणि त्याच्यानंतर आई’ यातल्या ‘नंतर’चा अर्थ बापाच्या मृत्यूपुरता न ठेवता तो कोणत्याही कारणाने पालक म्हणून उभा नसताना, असा लावला गेला, आणि कलम न पाडता आईला हक्क मिळाला. म्हणून याचिकेत नुसते ‘नियम रद्द करा’ लिहू नका. ‘मुलगी’ या शब्दात विवाहित मुलगी धरावी आणि अर्जाचा ठरावीक मुदतीत फेरविचार व्हावा, असे स्पष्ट मागा. अनुकंपा नियुक्ती हा हक्क नसल्याने थेट नेमणुकीपेक्षा फेरविचाराचाच आदेश मिळण्याचा संभव अधिक.

उत्तर २:
आदेशाच्या अंमलावरही लक्ष ठेवा. लष्करातील महिला अधिकाऱ्यांना फेब्रुवारी २०२० मध्ये स्थायी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत सेवेत राहण्याच्या संधीचा, निकाल मिळाला. पण पुरुषांची तपासणी तरुण वयात होई, तोच शारीरिक निकष या स्त्रियांना कित्येक वर्षांनी लावला गेला, आणि त्यांना पुन्हा न्यायालयात जावे लागले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. उलट, परराष्ट्र सेवेतील महिला अधिकारी मुथम्मा यांच्या १९७९ च्या प्रकरणात त्या सेवेच्या स्त्रियांशी भेदभाव करणाऱ्या नियमांवर कडक ताशेरे ओढले गेले, मात्र दरम्यान त्यांना बढती मिळालेली असल्याने याचिका फेटाळली गेली.

उत्तर १ (पुन्हा):
ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर आहे, मुंबईची खेप नाही. अनुकंपेचा आधारच तातडीची अडचण हा असल्याने उशीर अंगाशी येतो. पत्र येऊन किती दिवस झाले?

प्रश्नकर्ती:
सात महिने. सोमवारी मूळ पत्र आणि नियमाची प्रत घेऊन वकिलांकडे जातो आहोत.