ॲक्सेसचा फॉर्म एकाच संगणकावर '#नेम?' दाखवतो

प्रश्न:
ॲक्सेसची (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) फाइल सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये आहे, सहाजण तीच उघडतात. पाच संगणकांवर नोंदणीचा फॉर्म नीट चालतो. सहाव्यावर तारखेच्या चौकटीत '#नेम?' येतं आणि 'सेव्ह' दाबलं की 'कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी'. चौकटीत फक्त आजची तारीख देणारं =डेट() आहे. कॉम्पॅक्ट ॲण्ड रिपेअर (फाइलची दुरुस्ती) करून झालं. फॉर्म नव्याने बनवावा का?

उत्तर १:
फॉर्मला हात लावू नका, तो बिघडला असता तर सगळीकडेच अडला असता. त्या संगणकावर व्हीबीएचा (ॲक्सेसमधली कोडची भाषा) एखादा रेफरन्स, म्हणजे कोडला लागणाऱ्या लायब्ररीचा दुवा, तुटलाय. एक लायब्ररी सापडली नाही की डेट, लेफ्ट, फॉरमॅट अशी तिच्याशी संबंध नसलेली फंक्शन्सही अडतात, म्हणून लक्ष भलतीकडे जातं.
त्याच संगणकावर ऑल्ट + एफ११ दाबा, टूल्स मेनूतलं रेफरन्सेस उघडा. तो पर्याय पुसट असेल तर कोड मध्येच थांबलेला आहे. आधी रन मेनूतून रीसेट करा. यादीत 'मिसिंग' कशापुढे लिहिलंय?

प्रश्नकर्ता:
मिसिंग: मायक्रोसॉफ्ट आउटलुक १६.० ऑब्जेक्ट लायब्ररी. या संगणकावर ऑफिस २०१३ आहे, बाकीच्यांवर २०१९.

उत्तर १:
मग झालं. २०१३ची लायब्ररी १५.० असते. नव्या ऑफिसात फाइल उघडली की ॲक्सेस रेफरन्स आपोआप वर नेतो, खाली मात्र आणत नाही. इथे हाताने १५.० निवडलीत तरी उद्या दुसऱ्या कुणी फाइल उघडली की पुन्हा हेच.
लेट बाइंडिंग करा, म्हणजे लायब्ररी आधीच न जोडता कोड चालताना आउटलुक शोधू द्या. 'ॲज आउटलुक.ॲप्लिकेशन', 'ॲज आउटलुक.मेलआयटम' अशा सगळ्या ठिकाणी 'ॲज ऑब्जेक्ट', 'न्यू'च्या जागी क्रिएटऑब्जेक्ट("आउटलुक.ॲप्लिकेशन"). ओएलमेलआयटमसारखे स्थिरांक आता ओळखले जाणार नाहीत, ओएलमेलआयटमच्या जागी ० लिहा. मग रेफरन्सेसच्या यादीतली आउटलुकची खूण काढून डीबग मेनूतून कंपाइल करा. राहून गेलेली ओळ तिथेच सापडते, पण मोड्यूलच्या वर 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' (जाहीर न केलेलं नाव चूक धरायला लावणारी ओळ) हवंच.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे, पण सहाजणांनी एकच फाइल उघडणं हे मूळ दुखणं. बॅकअप घ्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि डेटाबेस टूल्समधल्या 'मूव्ह डेटा' गटातून फाइल स्प्लिट करा. टेबलं असलेली बॅक एंड फाइल सर्व्हरवर राहील. फॉर्म, क्वेरी, कोड असलेली फ्रंट एंड फाइल प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी ठेवा. बॅक एंडच्या फोल्डरवर सगळ्यांना नुसती वाचायची नाही, फाइल तयार करण्याची आणि पुसण्याची परवानगीही लागते, कारण लॉक फाइल (फाइल कोण वापरतंय ते नोंदणारी) तिथेच बनते.