शब्दचर्चा : सौ., श्रीमती आणि गं. भा.

प्रश्न
धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायला टाकलीय. बाबा नाहीत, त्यामुळे निमंत्रक आईच. छापखान्याच्या नमुन्यात तिच्या नावाआधी 'गं. भा.' आलं. काढा म्हटलं तर म्हणे, "मग श्रीमती टाकतो." पण श्रीमती वाचूनही लोक तेच समजतात ना? दुसरं काय लिहावं?

प्रतिसाद
गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. बाईला नदीइतकी पवित्र म्हणायचं आणि हळदीकुंकवाला मात्र बोलवायचं नाही! एप्रिल 2023 मध्ये सरकारी पातळीवर 'विधवा'ऐवजी हाच शब्द वापरण्याचा प्रस्ताव चर्चेला आला, तेव्हा टीकेची झोड उठली. बायको गेलेल्या पुरुषासाठी असं काही बिरुद आहे का? तो आधीही श्री., नंतरही श्री.

प्रतिसाद
'श्रीमती' बिचारी निर्दोष आहे. श्रीमत् या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप, श्रीमानची जोडीदारीण. नवऱ्याच्या असण्या-नसण्याचा त्यात मागमूस नाही. हिंदीत श्रीमती म्हणजे चक्क लग्न झालेली, नवरा असलेली बाई. आपल्याकडे 'सौ.' सवाष्णींनी अडवून ठेवलं, उरलेल्यांच्या वाट्याला श्रीमती आलं, आणि मग त्याचाच अर्थ 'नवरा नसलेली' झाला. कचेरीत सगळ्याच बायकांना श्रीमती लिहितात, तिथे कुणाला काही वाटत नाही. लग्नपत्रिकेत मात्र वाटतं.

प्रतिसाद
विधवा = वि + धव, धव म्हणजे नवरा. झालं की.

प्रतिसाद
वरच्यांना : ही फोड शाळेत शिकवतात, पण भाषाभ्यासकांना उलटं वाटतं. 'विधवा' फार जुना शब्द, लॅटिनमधल्या 'विदुआ'चा नातलग. 'धव' त्यातूनच मागाहून फोडून काढला. 'अविधवा'वरून मराठीत 'अहेव' आला. जुन्या बायका देवाकडे अहेवपणी मरण मागायच्या, म्हणजे नवऱ्याआधी आपण जावं. मंगळसूत्र तुटलं म्हणायचं नाही, 'वाढवलं' म्हणायचं, तेही याच धास्तीपोटी.

प्रतिसाद
शब्द बदलून काय होणार? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या लोकांनी मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला : नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कामाची गोष्ट ती.

प्रतिसाद
ठराव हवाच. पण पत्रिका पाचशे घरांत जाते, आणि बाईची वैवाहिक स्थिती तिच्या नावाआधी वाचली जाते. तेही कामाचंच आहे.

प्रतिसाद
मला सौ. लावायला आवडतं. त्यात कसली आलीय पुरुषसत्ता?

प्रतिसाद
ताई, जरूर लावा. तुम्ही स्वतः लावताय. प्रश्नातल्या आईंना मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही. पत्राच्या मायन्यात 'ती.' चालतं, ते वडीलधाऱ्या बाईला आणि पुरुषाला सारखंच. पण इथे त्या स्वतः निमंत्रण देताहेत, खाली 'आपली नम्र' म्हणून सही. आपणच आपल्याला मान कशाला लावायचा? नुसतं नाव आणि आडनाव छापा. फक्त एक करा : मामा-काकांच्या नावाआधीचं श्री.ही काढायला सांगा, नाहीतर एकट्या तिच्याच नावाआधीची मोकळी जागा लोक बरोबर वाचतील.