मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात शाळांना राज्याचा पैसा नेमका कसा मिळतो?

बे_एरियाकर: मुलं फ्रीमाँट युनिफाइड या शालेय डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. पालो अल्टोत दर विद्यार्थी खर्च आमच्याहून बराच जास्त. मालमत्ता कराचा मूळ दर दोन्हीकडे १ टक्काच, मग एवढा फरक का? आणि डिसेंबरात भारतात जायचं म्हटलं की शाळा हजेरीवर का अडते?

खडूफळा: २०१३ पासून निधीवाटपाचं 'एलसीएफएफ' (लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला) सूत्र आहे. इयत्तागटाचा मूळ दर गुणिले सरासरी दैनिक हजेरी. पटसंख्या नव्हे, हजेरी! त्यावर इंग्रजी शिकणारी, कमी उत्पन्नाच्या घरची आणि फॉस्टर (सरकारी देखरेखीखालची) मुलं जितके टक्के, त्या प्रमाणात मूळ दराच्या २० टक्के भर. एक मूल तिन्हींत बसलं तरी एकदाच मोजतात. हे प्रमाण ५५ टक्क्यांवर गेलं, तर वरच्या टक्क्यांपुरती मूळ दराच्या आणखी ६५ टक्के भर.

हिशेबापुरता मूळ दर १०,००० डॉलर धरा. प्रमाण २५ टक्के असेल तर भर ५००. ७५ टक्के असेल तर १,५०० अधिक १,३००, म्हणजे २,८००. फ्रीमाँट ५५ च्या बरंच खाली आहे, त्यामुळे दुसरी भर शून्य.

या बेरजेतून स्थानिक मालमत्ता कर वजा करून उरलेलं राज्य देतं. पालो अल्टोत कराची रक्कमच बेरजेपेक्षा जास्त भरते आणि वरचा पैसा त्यांच्याकडेच राहतो. यालाच 'बेसिक एड' म्हणतात. तिथे हजेरी घटली म्हणून उत्पन्न घटत नाही. माझ्या मते सूत्रातली खरी विषमता इथेच आहे.

हजेरीपट: रजा मंजूर असली तरी त्या दिवसाची हजेरी बुडतेच. सहलीआधी 'इंडिपेंडंट स्टडी'चा (शाळेबाहेर राहून अभ्यास करण्याचा) लेखी करार मागा. सह्या झाल्या आणि गृहपाठ परत आला, तरच दिवस धरले जातात. निधीसाठी १५ एप्रिलपर्यंत संपणाऱ्या शालेय महिन्यांची हजेरी लागते, त्यामुळे डिसेंबरची गैरहजेरी त्यात येतेच.

आणखी एक. शाळेतलं जेवण सगळ्यांना मोफत झाल्यापासून उत्पन्नाचा फॉर्म बरेच पालक भरत नाहीत, आणि कमी उत्पन्नाच्या घरची पात्र मुलं भरीच्या मोजणीतून सुटतात. मोजणी ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारची, फॉर्म त्याआधी द्या.

बे_एरियाकर: प्रवेशाच्या वेळी घरची भाषा मराठी लिहिली, त्याचा संबंध?

खडूफळा: आहे. त्यावरून मुलाची 'एल्पॅक' चाचणी होते. इंग्रजी कच्चं निघालं तरच मूल 'इंग्रजी शिकणारी' या गटात मोजतात. मराठी लिहिल्याने आपोआप पैसा येत नाही. भरीचा पैसा कुठे खर्च होणार ते डिस्ट्रिक्टच्या 'एलकॅप' आराखड्यात असतं. तो १ जुलैपूर्वी मंजूर होतो, त्याआधीच्या जनसुनावणीला जा.