दारूकोठाराची गुलाबी संध्याकाळ

जुनाकागद: 'टेकडीवरचं दारूगोळ्याचं कोठार, इंग्लिश जलरंग, सही नाही, कागदात १८०१चा वॉटरमार्क (उजेडासमोर धरल्यावर दिसणारी खूण) म्हणजे चित्र १८०१चंच, आणि मागे काय ती गुलाबी संध्याकाळ!' ही पोस्ट वाचून राहवेना. वॉटरमार्कवरून चित्र त्याआधीचं नाही एवढंच कळतं. १७९४च्या कायद्यानंतर इंग्लिश कागदात साल येऊ लागलं, पण कागद वर्षानुवर्षं पडून राहायचा. आणि संध्याकाळ? भिंतींच्या सावल्या बघा, आखूड आहेत. करडे ढग नीळ आणि तांबडी माती मिसळून रंगवत. उजेडाने नीळ उडते, माती उरते. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचला, झाकलेल्या पट्टीत आकाश निळसर-करडं निघेल.

गेरू: निघेलच कशावरून? आधी तांबूस वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, देऊनही आकाश रंगवत. आणि सावल्यांचा पुरावा कसला? लष्करी ड्रॉइंगमध्ये उजेड डावीकडून ४५ अंशांत धरायचा, ही पद्धतच. इंग्लंडमधल्या वुलिचच्या लष्करी अकादमीत पॉल सँडबी १७६८पासून चित्रकला शिकवत होता, तिथला कुणी असेल.

जुनाकागद: तो नियम आराखड्याचा. हा देखावा आहे.

काचेमागे: तुमचं चालू द्या, पण माउंट 'उचला' म्हणजे नखाने? फोटोत चित्राच्या कडेने तपकिरी रेघ दिसते, ती आम्लाच्या पुठ्ठ्याची. फ्रेमवाले चारही बाजू चिकटवून मोकळे होतात. हवा दमट झाली की कागदाला पसरायला जागा नाही, मग मध्ये पोक येतो. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाची खळ, बस्स. काच चित्राला टेकता कामा नये.

दुर्गवेडा: पोस्ट माझीच. चित्रावर तपकिरी ठिपके पडलेत, ते पातळ ब्लीचने जातात म्हणे?

काचेमागे: हात जोडतो! क्लोरीनने कागदाचे तंतू तुटतात. ते धुऊन काढायला पाणी लागणार, आणि रंग डिंकातला, पाण्याला सुटणारा. ठिपक्यांबरोबर कोठारही जाईल.

गेरू: झालं, काळाचा प्रश्न गेला वाहून. दारावरचा पांढरा अतिनील दिव्याखाली बघा. पिवळट-हिरवा चमकला तर जस्ताचा. जलरंगात तो १८३४च्या 'चायनीज व्हाइट'पासून रुळला. काळवंडलेला असेल तर शिशाचा.

जुनाकागद: म्हणजे वॉटरमार्क पुरत नाही, हे तुम्हीच म्हणालात. उपकार झाले. पण दिवा सगळ्या चित्रावर फिरवा. चमक एकट्या दारावर असेल तर तिथे मागाहून कुणीतरी हात फिरवलाय.

दुर्गवेडा: बरं, माउंट जाणकाराकडून सोडवतो. पट्टी निळी निघेपर्यंत मी संध्याकाळच म्हणणार.

काचेमागे: म्हणा. फक्त आधी ते खिडकीसमोरच्या भिंतीवरून उतरवा. ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड नको.